‘जेवलो’ पाठवू का?

मोबाईलच्या दुकानात दिवसातनं सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य ऐकू येतं, असं मला कोणी विचारलं तर मी झोपेतनं उठूनही सांगेन. "वैनी, हे काय इचारतंय बघा, आनि दाबा काय ते." एवढं बोलून फोन माझ्या हातात, आणि माणूस मोकळा. मग तो बाहेर जाऊन समोरच्या एसटीची पाटी वाचणार, ओळखीचं कोणी दिसलं तर पावसापाण्याचं बोलणार, आणि परत येऊन विचारणार, दाबलंत का.

महाडात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मी पंचवीस वर्षं बसले. आधी एसटीडी बूथ, मग रिचार्ज, मग दुरुस्तीसकट मोबाईलचं दुकान. बूथ आमच्या ह्यांनी टाकलेला. पण ह्यांना माणसांचा भारी कंटाळा, त्यामुळे काउंटरवर पहिल्या दिवसापासून मीच. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी सकाळी तिचा फोन येतो, अगदी न चुकता. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा गेल्या वर्षी दुकान एका ओळखीच्यांना देऊन टाकलं. आता मी घरी असते आणि मला त्या काउंटरची आठवण येते, खोटं कशाला बोलू. घरात फोन वाजतो तो माझाच असतो. दुकानात दुसऱ्यांचे वाजायचे, त्यात मजा होती.

बाहेरच्या माणसासाठी आधी थोडं धंद्यातलं सांगते. फोनमध्ये नवीन ॲप टाकलं की ते एकेक मागत सुटतं. फोटो बघू का, नंबर बघू का, तुम्ही कुठं आहात ते बघू का. त्यातच एक प्रश्न असतो: एसएमएस पाठवू का, आलेले वाचू का. खाली दोनच उत्तरं, ‘अनुमती द्या’ आणि ‘अनुमती देऊ नका’. हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा जड, कारण इथं ॲप तुमच्या नंबरावरनं, तुमच्या नावानं दुसऱ्याशी बोलणार असतं. समोरच्याला वाटणार, तुम्हीच बोललात. पैसे पाठवायचं ॲप असेल तर त्याला हो म्हणावंच लागतं, नाहीतर सिमकार्ड तुमचंच आहे हे त्याला पटत नाही. बाकी कोणी हे मागितलं तर जरा थांबावं आणि विचारावं, याला कशाला पाहिजे?

हे मला नात्याच्या एका निवृत्त गुरुजींनी शिकवलं, म्हणजे त्यांच्या फजितीनं. त्यांनी फोनची बॅटरी लावायचं ॲप कुठूनसं घेतलं. अंधारात उजेड पाडणं एवढंच त्याचं काम. त्यानं विचारलं, मेसेज पाठवू का. गुरुजींनी हो दाबलं. मी म्हटलं, गुरुजी, उजेडाला कोणाला मेसेज करायचाय? तर म्हणाले, एवढं अदबीनं विचारतंय, तोंडावर नाही कसं म्हणायचं. त्या अदबीपायी त्यांच्या फोननं ओळखीच्या यच्चयावत लोकांना बक्षीस लागल्याचे मेसेज धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचे व्याही बक्षीस कुठून घ्यायचं ते विचारायला दारात हजर.

याच्या उलट शिवथरचे एक बागायतदार. ते कशालाच हो म्हणत नसत. फोन म्हणजे घर, आणि घराचं दार कोणी ठोठावलं म्हणून उघडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग महिन्यातनं एकदा माझ्याकडे तणतणत यायचे की ह्या फोनात फोटोच निघत नाहीत. कॅमेऱ्यालाही त्यांनी नको म्हणून ठेवलेलं असायचं. मी तेवढं एक दार उघडून द्यायचे आणि ते घरी जाऊन परत लावायचे.

तर ‘याला कशाला पाहिजे’ हा माझा नियम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि बोट त्याचं लावायचं. आपण दाबायचं नाही. गल्लीत माझी चेष्टा व्हायची की वैनी शाळा घेतात. घेत होते. पण एकदा मी तो नियम मोडला, आणि त्याचंच सांगायला हे लिहायला बसले आहे.

पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर पाच घरांची एक वाडी आहे. म्हशी राखणारी, थोडी नाचणी-वरी करणारी माणसं. तिथल्या ठकूबाई आणि त्यांचा एकुलता एक महेश. बाप पोरगा लहान असताना गेला. महेश हायवेच्या एका हॉटेलात कामाला होता तेव्हापासनं माझं गिऱ्हाईक. मग मुंबईला गेला आणि मोटरसायकलवरनं लोकांच्या घरी जेवण पोचवायच्या कामाला लागला.

वाडीत कुठल्याच घरात रेंज नाही. रेंज येते ती वाडीच्या टोकाला हिरड्याचं एक झाड आहे तिथं. मग पाचही घरांचे फोन संध्याकाळी त्या झाडाला टांगलेले. एकेक जुनी पिशवी, पिशवीत फोन. म्हशी घेऊन परतताना ज्यानं त्यानं आपापली पिशवी उतरवायची आणि घरी न्यायची. घरी नेला की फोन मुका. कोणाचा फोन वाजला आणि माणूस जवळ नसला, तर दुसरा कोणी उचलत नाही. दुसऱ्याचं बोलणं आपण कशाला घ्या, अशी वाडीची रीत.

आता ठकूबाईंचं एक होतं. पोरगा जेवला हे कळल्याशिवाय त्या स्वतः जेवायच्या नाहीत. महेश जवळ होता तोवर प्रश्न नव्हता. तो मुंबईला गेल्यावर पंचाईत झाली. तो फोन करी तेव्हा ह्या धारा काढत असायच्या, झाडावर फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. ह्या फोन करीत तेव्हा तो गाडीवर. मग भाकरी टोपलीत तशीच आणि बाई उपाशी. शेजारणीनं महेशला हे कळवलं. तो गणपतीला आला तेव्हा दुकानात येऊन म्हणाला, "वैनी, आये चारचार दीस अर्धी उपाशी असते. कायतरी करा."

आणि मी केलं. माझीच शक्कल, कोणाचा दोष नाही. ठरल्या वेळी ठरलेला मेसेज आपोआप पाठवणारं एक ॲप असतं. वाढदिवस विसरणाऱ्या लोकांसाठी काढलेलं. ते मी महेशच्या फोनात टाकलं. रोज साडेसात वाजता आईच्या नंबरावर मेसेज: ‘जेवलो. बरा हाय.’ ठकूबाईंना वाचता येत नाही, म्हणून महेशनं बरोबर आणलेल्या त्यांच्या फोनात त्याच्या नंबराला म्हशीच्या गळ्यातल्या घंटीसारखा आवाज लावून दिला. झाडावर पाच पिशव्या असल्या तरी आपली कोणती वाजली ते कळेल. साडेसातला त्या झाडाखाली असतातच. घंटी वाजली की मी जेवलो असं समज, एवढंच महेशनं घरी जाऊन आईला सांगायचं.

ॲपनं विचारलं, एसएमएस पाठवू का. महेश काचेच्या कपाटापाशी फोनचं कव्हर निवडत होता, निळं घ्यावं की काळं. मी त्याला हाक मारली नाही, प्रश्न वाचून दाखवला नाही. याला कशाला पाहिजे ते मलाच ठाऊक होतं ना. माझंच बोट गेलं, ‘अनुमती द्या’. आणि मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी कव्हरात मी त्याला सवलत दिली.

वाडीवर सगळं सुरळीत झालं. रोज घंटी वाजे, ठकूबाई पिशवी उतरवून घरी जात आणि जेवत. मार्गशीर्षात त्या महाडच्या बाजाराला आल्या तेव्हा अंगावर जरा मांस दिसलं. माझ्या काउंटरवर त्यांनी तुपाची बरणी ठेवली, तोंडाला फडकं बांधलेली. मला वाटलं माझ्यासाठी. तर त्या म्हणाल्या, "पोराच्या शेटला धाडा. रोज साडेसातच्या ठोक्याला जेवाया घालतो. येक दीस इकडं नाय का तिकडं नाय. असा मालक गावतो कुठं?"

महेशला शेठ नव्हताच. त्याला काम सांगणारंही एक ॲपच होतं, आणि साडेसात ही तर दुसऱ्यांची जेवणं पोचवायची ऐन वेळ. हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, देते पाठवून, आणि मुंबईला जाणाऱ्या एकांबरोबर बरणी धाडून दिली. ठकूबाई निघताना म्हणाल्या, तू जेवलीस का गो बाय? मी म्हटलं, माझं काय, मी खाते उभ्या उभ्या. त्यांना ते आवडलं नाही असं दिसलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, चैत्रात, मी दुकान उघडून फडकं मारत होते तेव्हाच त्या दारात उभ्या. डोंगर उतरून, पोलादपूरहून पहिली एसटी पकडून आलेल्या. स्टुलावर बसल्या आणि पिशवीसकट फोन काउंटरवर ठेवला. "घंटी वाजली नाय. दोन दीस." तोंड सुकलेलं, ओठ पांढरे. जेवलात का हे विचारायची गरजच नव्हती. मी चहा मागवला तर त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

मी महेशला फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, आवाज खोल गेलेला. मेसेज थांबलेत हे त्याच्या गावीही नव्हतं. मी त्याला ॲप उघडायला सांगितलं आणि काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. हल्लीचे फोन एक करतात. एखादं ॲप तुम्ही काही महिने उघडलंच नाही, तर फोन समजतो की ह्याची गरज सरली, आणि दिलेल्या परवानग्या आपणहून काढून घेतो. तशी सूचना येऊन जाते, ती कोण वाचतंय. मी दिलेली अनुमती फोननं परत घेतली होती, एवढंच. मी म्हटलं, परत हो दाब, झालं. मला तर हायसं वाटलं.

तो दाबतो म्हणाला. मग दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं त्यानं सांगितलं की तीन आठवडे झाले, गाडी घसरून पायाचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे, काम बंद. खोलीतले तिघे रात्री काही आणतात, कधी आणत नाहीत. तूप होतं तोवर नुसत्या भातावर घेऊन दिवस काढले, बरणीच्या तळाला उरलेलं परवा संपलं. आईला सांगू नका म्हणाला. मी विचारलं, म्हणजे तेरवापर्यंत रोज साडेसातला ‘जेवलो, बरा हाय’ जात होतं ते? तो म्हणाला, "ते जात व्हतं ना वैनी, आपोआप."

समोर ठकूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना माझी बाजू तेवढी ऐकू येत होती. बरा आहे, रेंज नव्हती, असं माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. पण मी बूथवालीच शेवटी. बूथमध्ये एक गोष्ट मी कटाक्षानं पाळली होती, की नंबर लावून द्यायचा, रिसीव्हर माणसाच्या हातात द्यायचा आणि तोंड फिरवायचं. त्या काचेच्या खोक्यात लोक हसले, रडले, काहींना मरणाच्या बातम्या तिथंच कळल्या, पण मधे शब्द घातला नाही. आणि इथं मी सहा-सात महिने मधे शब्द घालून बसले होते, तोही माझा.

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. ठकूबाईंनी कशी आहे तब्येत, कुठं आहेस, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "जेवलास?"

मग फोनातनं बारीक आवाज आला, मलाही ऐकू गेला. "नाय, आये."

नंतर त्याचं सगळं ऐकून घेतलं त्यांनी, पायाचं, कामाचं. घरी ये एवढंच बोलल्या आणि फोन मला दिला. मग त्यांनी मला विचारलं की जेवला नव्हता तर घंटी कशी वाजत होती. मी सांगितलं. की ते महेश पाठवत नव्हता, मशीन पाठवत होतं, शेठ कोणी नाहीच, आणि मशीनला तशी परवानगी माझ्या बोटानं दिली होती. सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना, मी काउंटरच्या काचेवरचा डाग पुसत होते.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग मी येवढे दीस कुनाच्या जेवनावर जेवले?"

मी त्यांचा फोन पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.

महेशला मित्रांनी पोलादपूरपर्यंत आणला, आणि तिथनं वाडीतल्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून वर नेला. दोन-अडीच महिने घरी होता. नाचणीची भाकरी, ताक आणि म्हातारीची बडबड यांनी हाड बसलं म्हणायचं. परत मुंबईला निघाला तेव्हा मायलेक दोघं दुकानात आले. मी आपणहून म्हटलं, महेश, आण फोन, ते ॲप काढून टाकते. ठकूबाईंनी हात आडवा घातला.

त्यांचं म्हणणं असं, की घंटी चांगली आहे, ती राहू दे. तिच्याशिवाय त्यांना करमायचं नाही. फक्त मशीननं स्वतःच्या मनानं पाठवायचं नाही. "आधी ह्येला इचारायचं. जेवला आसल तर हा हो म्हनंल, मंग धाडायचं. तसं बसवता येतं का?"

मी त्या ॲपात शोधलं. सगळ्यात खाली, कोणी जात नाही तिथं, एक चौकोन होता: ‘पाठवण्याआधी मला विचारा’. म्हणजे मी शक्कल लढवली त्या दिवशीही तो तिथंच होता. मी दोन्ही हात काउंटरखाली घेतले, ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि महेशला म्हटलं, दाब. त्यानं खूण केली. मग मशीननं परत विचारलं, एसएमएस पाठवायची अनुमती द्यायची का, कारण चैत्रात फोनवर दाबतो म्हणाला ते त्यानं दाबलंच नव्हतं. तेही वाचलं. तेही त्यानंच दाबलं. ठकूबाई त्याच्या बोटाकडे बघत होत्या.

तेव्हापासनं रोज साडेसातला त्याच्या फोनवर विचारणा येते, ‘मेसेज पाठवू का?’ आणि तो उत्तर देईपर्यंत ती तशीच पडून राहते. लोकांची जेवणं पोचवता पोचवता त्या प्रश्नावर त्याची नजर जातेच. मला एकदा म्हणाला, वैनी, न खाता हो दाबायला बोट होत नाय, म्हणून मधेच कुठंतरी गाडी लावून दोन घास खातो. घंटी आता कधी पावणेआठला वाजते, कधी नऊला. ठकूबाईंनी वाडीतल्या एकाला हाताशी धरून पिशवी झाडाच्या खालच्या फांदीवर घेतली आणि तिथं एक दगड बसायला टाकला. मी म्हटलं, उशीर होतो ना आता तुम्हाला? तर म्हणाल्या, "हू दे. आता मानसासारका येतो. आधी घड्याळासारका यायचा, तवाच मला कळाया पायजे व्हतं."

दुकान रिकामं करत होते त्या आठवड्यात त्या शेवटच्या आल्या होत्या. सगळीकडे खोकी, जुने चार्जर, बूथमधला तो लाल आकड्यांचा मीटर जो मी उगाच जपून ठेवला होता. त्यांनी परत तेच विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, खाईन. मग त्या म्हणाल्या, तुला कोन इचारतं गो? मी म्हटलं, मुलगी विचारते की, दर रविवारी. शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, मी घरी ओट्यापाशी उभी राहून दूध-पोळी खात होते, तर फोनवर मेसेज. महेशचा. ‘जेवलो. बरा हाय.’ मला वाटलं चुकून माझा नंबर पडला. ह्या धंद्यात पंचवीस वर्षं काढलेली मी, लगेच फोन करून त्याला सांगितलं की यादीत गडबड झालीय, माझा नंबर काढ.

तो म्हणाला, "गडबड नाय वैनी. आये बोलली, वैनीला पन टाक. ती येकटी उभ्यानं खाते."

फोन ठेवला आणि पाट घेऊन मी खाली बसले. गुडघे आधी ऐकेनात, मग बसले. ह्यांच्यामागं इतक्या वर्षांत मी ताट वाढून घेतलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी तिथंच बसून रडले.

आता त्याच्या एका ‘हो’ मध्ये आम्हा दोघींना मेसेज जातो. माझ्याही फोनात मी त्याच्या नंबराला तीच घंटी लावली आहे. वाडीवर हिरड्याखाली ती वाजते त्याच क्षणी माझ्या स्वयंपाकघरातही वाजते, आणि मग मी ताट वाढते. आज हे लिहिता लिहिता सव्वाआठ झाले. आमटी झाली, भात झाला. भातावर झाकण घालून ठेवलंय आणि अजून घंटी वाजलेली नाही.